घरावर गेलेला आंबा खाली कसा उतरवावा

घराशेजारी लावलेलं हापूसचं कलम पंचवीस-तीस वर्षांत १०-१२ मीटरवर सहज जातं. शेंड्याचे आंबे झेल्याच्या टप्प्यात येत नाहीत, फांद्या कौलांवर घासतात, पन्हळीत पाला तुंबतो आणि वळवाचा वारा सुटला की घरातले वर बघत बसतात. मग कोणीतरी गडी बोलावतो आणि एका सकाळीत झाड अर्ध्यावर बोडकं करून टाकतो. पुढची सगळी दुखणी तिथूनच सुरू होतात.

जाड फांदी मध्येच आडवी कापली की त्या कापाखालच्या सालीतले झोपलेले डोळे एकदम जागे होतात. एकेका खुंटावर दहा-पंधरा फुटवे येतात आणि सगळे सरळ आभाळाकडे धावतात. दोन-तीन पावसाळ्यांत झाड जवळपास पूर्वीच्या उंचीवर पोचतं. फरक एवढाच, की मूळची फांदी खोडाच्या लाकडात आतपर्यंत रुतलेली होती आणि हे फुटवे नुसत्या वरच्या थराला चिकटलेले असतात. मधला खुंट तोवर कुजायला लागलेला असतो. म्हणजे उंची तीच, वजन तेवढंच आणि पकड मात्र कच्ची. शिवाय सावलीत वाढलेली साल अचानक उघडी पडते, मार्च-एप्रिलच्या उन्हात भाजून तडकते आणि त्या तडांत भिरूड (खोड पोखरणारा किडा) शिरतो.

म्हणून आंबा टप्प्याटप्प्यानं उतरवायचा. उंच गेलेली प्रत्येक फांदी तिच्याच एखाद्या खालच्या, बाहेर झुकलेल्या उपफांदीपर्यंत मागे आणायची, म्हणजे काप नेहमी बेचक्यात पडतो आणि त्यापुढे रस ओढायला जिवंत शेंडा शिल्लक राहतो. ही उपफांदी कापल्या जाणाऱ्या भागाच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी. १५ सेंटिमीटर जाडीची फांदी ५ सेंटिमीटरच्या उपफांदीवर आणता येते. त्याहून बारीक काटकीवर आणली तर ती काटकी तेवढा रस पेलत नाही, आणि शेवटी तिथंही खुंटच उरतो.

आधी मापं, मग परवानगी

उंची मोजायला टेप लागत नाही. हात सरळ पुढे ताणा आणि डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर भरेल तेवढी काठी मुठीच्या वर उभी धरा. काठीचं वरचं टोक शेंड्याला आणि मूठ बुंध्याला टेकलेली दिसेपर्यंत मागे सरकत जा. तुम्ही उभे आहात तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची, जमीन सपाट असेल तर. फांदीची जाडी काढायला दोरीनं घेर मोजून त्याला ३.१४ नं भागा.

१२ मीटरचं झाड ८ मीटरवर आणायला तीन वर्षं धरा. एका वर्षात एकूण पालवीच्या चौथ्या हिस्स्याहून जास्त काढू नका. झाड म्हातारं किंवा रोगट असेल तर त्याहूनही कमी. आंब्याची जुनी बाग नव्यानं उभी करताना बागायतदार यापेक्षा बरीच जड छाटणी करतात, पण तिथं झाडाखाली कोणाचं छप्पर नसतं आणि दोन-तीन वर्षं उत्पन्न सोडायची तयारी ठेवलेली असते. अंगणातल्या झाडाला ते माप लावू नये.

परवानगीचं काम फांदीला करवत लावायच्या आधी उरका. महाराष्ट्रातल्या शहरांत १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. झाड तोडण्याच्या त्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणंही येतं, त्यामुळे झाड स्वतःच्या अंगणात असलं तरी मोठ्या फांद्या काढायला महापालिकेच्या उद्यान विभागाकडे किंवा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. झाडाचे चारही बाजूंनी फोटो आणि कापायच्या फांद्यांवर रंगाची खूण, एवढं अर्जाला जोडलं तर पाहणी लवकर उरकते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या झाडांचे नियम अधिक कडक झाले आहेत. गावात वृक्षतोडीचा १९६४ चा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत आंबा आणि फणस दोन्ही येतात, तेव्हा मोठ्या तोडीआधी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात विचारून घ्या. गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा पाहावा लागतो. फांदी शेजाऱ्याच्या हद्दीत गेली असेल तर त्यांनाही दिवस आणि वेळ आधी कळवा. कायद्याआधी तेच उपयोगी पडतं.

कधी कापायचं

आंब्याचा मोहोर पक्व झालेल्या काडीच्या टोकाला येतो. टोक कापलं की त्या काडीचा त्या हंगामाचा मोहोर गेला. हापूस एक वर्ष भरभरून धरतो आणि पुढच्या वर्षी रुसतो, हा त्याचा स्वभाव इथं कामाला येतो. भरपूर आंबा आला त्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिली मोठी छाटणी धरा. पुढचा हंगाम तसाही कमीच असणार, त्यामुळे नुकसान थोडं होतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच का? पाऊस थांबलेला असतो, साल कोरडी असते, जमिनीत ओल शिल्लक असते आणि ऊन अजून भाजणारं नसतं. जून ते सप्टेंबर मोठा काप घेऊ नका. कोकणच्या पावसात ताजी जखम आठवडेच्या आठवडे ओली राहते, बुरशी धरते, आणि शेवाळलेल्या फांदीवर पाय घसरतो तो वेगळाच. एप्रिल-मेमध्ये जड छाटणी केली तर साल भाजते. मनगटाहून बारीक फांद्यांची विरळणी मात्र आंबे उतरवल्यावर, पाऊस लागायच्या आधी करायला हरकत नाही. उलट तीच दरवर्षी करावी.

हत्यारं आणि दोर

कोयता हा कवळ (पाल्याच्या डहाळ्या) तोडायला ठीक, छाटणीला नाही. त्यानं साल चिरफाळते आणि काप कधीच सपाट येत नाही. लागणारं सामान थोडं आहे: ओढताना कापणारी वाकडी करवत (पातं ३० ते ३५ सेंटिमीटर), अंगठ्याएवढ्या काड्यांसाठी सिकेटर (एका हाताची छाटणीची कात्री), दोन हातांनी चालवायची लांब दांड्याची कात्री, आणि खालूनच काम व्हावं म्हणून बांबूला किंवा फायबरच्या काठीला बसवलेली करवत. करवतीला चीक बसला की ती अडकते. अधूनमधून रॉकेलच्या फडक्यानं पुसत राहा. रोगट फांदी कापल्यावर मात्र ती स्पिरिटनं पुसायची, म्हणजे बुरशी पुढच्या कापात जात नाही.

दोर १२ ते १४ मिलिमीटरचा नायलॉनचा, निदान झाडाच्या उंचीच्या तिप्पट लांब. जुना काथ्या किंवा विहिरीवरचा कुजका सोल वापरू नका. डोक्याला बांधकामावरचं हनुवटीच्या पट्ट्याचं हेल्मेट घाला. मोटरसायकलच्या हेल्मेटमधून वरचं दिसत नाही आणि खालच्याची हाक ऐकू येत नाही. डोळ्यांना चष्मा, पायात बूट आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. आंब्याच्या चिकानं कातडी भाजते, तेव्हा हाताला आणि मानेला आधीच खोबरेल तेल चोळून घ्या. चीक अंगावर उडाला तर लगेच साबणाने धुवा.

चढायच्या आधी झाड खालून नीट न्याहाळा. पानं शिवून केलेली लाल मुंग्यांची घरटी, गांधीलमाश्या, मोहोळ, पक्ष्याचं चालू घरटं. आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी काम बंद. बुंध्यावर लाकडी मुठीनं ठोकून बघा. पोकळ आवाज आला, ढोली दिसली किंवा बुडाशी अळंबी उगवलेली असली तर त्या झाडावर चढायचंच नाही.

आधी आत ऊन, मग उंची

पहिल्या वर्षी शेंड्याला हात लावायची घाई नको. आधी वाळलेल्या फांद्या काढा, मग एकमेकींवर घासणाऱ्या जोड्यांतली कमकुवत फांदी, मग बांडगुळं. बांडगूळ नुसतं ओरबाडलं तर पुन्हा फुटतं, कारण त्याची मुळी फांदीच्या लाकडात उतरलेली असते. त्याच्या गाठीपासून खोडाच्या बाजूला फूटभर सोडून फांदीच काढावी लागते. त्यानंतर झाडाच्या मधोमध सरळ वर गेलेल्या दोन-तीन फांद्यांपैकी एक बेचक्यापर्यंत उतरवा आणि छपरावर आलेल्या फांद्यांची टोकं हलकी करा. चौथा हिस्सा इथंच भरतो.

यामुळे गाभ्यात ऊन शिरतं आणि इतकी वर्षं सावलीत बोडकी राहिलेली मधली खोडं आतल्या अंगाला नवी पालवी फोडतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उंची उतरवायला ज्या उपफांद्या लागणार, त्या अशाच तयार होतात. ऊन आत न पोचवता उंची कापली तर उतरायला खाली फांदीच सापडत नाही, आणि मग खुंट ठेवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दुसऱ्या वर्षी उरलेल्या मधल्या फांद्या, तिसऱ्या वर्षी बाहेरचा पसारा आणि पहिल्या वर्षीच्या कापांवरचे फुटवे, असा क्रम ठेवा. एकाच बाजूचं सगळं वजन कधी काढू नका. घराकडची बाजू कापली तर समोरचीही थोडी हलकी करा, नाहीतर झाडाचा तोल बिघडतो आणि वादळात ते जड बाजूला झुकतं.

तीन काप

मनगटाहून जाड फांदी एका कापात काढली तर ती अर्धी कापली गेल्यावर स्वतःच्या वजनानं मोडते आणि खोडाची साल हातभर खाली सोलत नेते. ती जखम भरायला वर्षं जातात. म्हणून काप तीन घ्यायचे.

पहिला काप खालून, शेवटच्या कापाच्या जागेपासून ३० सेंटिमीटर बाहेर. जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत करवत चालवा आणि पातं अडकायला लागायच्या आत थांबा. दुसरा काप वरून, पहिल्याच्या ५ सेंटिमीटर पुढे, आरपार. फांदी मोडून पडली तरी चीर पहिल्या कापापाशी थांबते. आता हातात हलका खुंट उरतो आणि तिसरा काप सावकाश, नेमका घेता येतो.

हा तिसरा काप कुठं घ्यायचा, यात सगळं कसब आहे. फांदी खोडाला मिळते तिथं सालीची फुगीर कडी दिसते आणि बेचक्याच्या वरच्या बाजूला सालीची सुरकुतलेली रेघ असते. काप त्या रेघेच्या लगेच बाहेरून सुरू होऊन कडीच्या बाहेर संपला पाहिजे. कडी फांदीची नसून खोडाची आहे, आणि जखम बंद करणारी साल तीच पुरवते. खोडालगत घासून सपाट कापलं की दिसायला छान दिसतं, पण कडी जाते आणि कूज थेट खोडात उतरते. उलट चार बोटांचा खुंट ठेवला तर तो वाळतो आणि भिरूड व वाळवीला दार उघडं राहतं. वर्षभरानं जाऊन बघा. कापाभोवती नव्या सालीचं वर्तुळ सगळीकडून सारखं आलेलं असेल तर काप बरोबर बसला. ते नुसतं दोन्ही बाजूंनी आलं आणि वर-खाली नाही, तर काप खोडाला फार लागून घेतला असं समजा.

वजन आणि उंची

ओल्या लाकडाच्या वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. १५ सेंटिमीटर जाड आणि ४ मीटर लांब आंब्याची फांदी पानांशिवाय ६० किलोच्या आसपास भरते. ती कौलांवर सुटली तर कौलं राहणार नाहीत. छपरावरची फांदी टोकाकडून मीटर-दीड मीटरच्या तुकड्यांत कापत खोडाकडे यावं आणि प्रत्येक तुकडा दोरानं सोडावा. दोर तुकड्याला बांधून त्याच्याहून उंच असलेल्या एका मजबूत, जिवंत बेचक्यातून खाली आणायचा आणि बुंध्याला दोन वेढे देऊन खालच्या माणसानं धरायचा. वेढ्यांच्या घर्षणानं वजन आपोआप पेललं जातं आणि तो हळूहळू ढील देऊ शकतो. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. खालचा माणूस तुकडा पडायच्या जागेपासून त्या फांदीच्या दुप्पट लांबीएवढा दूर. पोरंटोरं, गुरं आणि गाड्या त्या दिवशी अंगणाबाहेर.

शिडी टेकवताना चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, या मापानं लावा आणि वरचं टोक खोडाला बांधून घ्या. कापली जाणारी फांदी शिडीचा आधार असता कामा नये. फांदी तुटली की हलकी झालेली बाजू वर उसळते आणि शिडी घसरते. हे मुद्दाम सांगण्याचं कारण, नवशिके पडतात ते बहुतेक असेच. झाडावर उभं राहून काम करायचं असेल तर पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट, आणि तो डोक्याच्या वरच्या, निदान १० सेंटिमीटर जाडीच्या जिवंत फांदीला. करवत त्या दोराजवळ येणार नाही अशी उभं राहायची जागा निवडा.

काही कामं स्वतः करायचीच नाहीत. विजेची तार फांदीपासून ३ मीटरच्या आत असेल तर १९१२ या फोन क्रमांकावर किंवा महावितरणच्या जवळच्या कार्यालयात कळवून, पुरवठा बंद झाल्याची खात्री करूनच पुढे जा. ओला बांबू आणि ॲल्युमिनियमची शिडी दोन्हींतून वीज येते. शिडीवरून किंवा फांदीवरून चेनसॉ चालवू नका. पोकळ खोड, छपरावरची १५ सेंटिमीटरहून जाड फांदी, वादळात अर्धवट मोडून लटकलेली फांदी, ही माहितगार माणसाची कामं. त्याच्याशी आधीच ठरवा: काप कुठं घ्यायचा, खुंट ठेवायचे नाहीत, पाल्याची विल्हेवाट कोणाची आणि लाकूड कोणाचं. लाकूडच मजुरीत धरलं असेल तर गडी हिशेब लाकडाचा करणार आणि जाड फांद्या जास्त कापणार. तेव्हा मजुरी रोख आणि वेगळी.

कापांवर काय लावायचं

जखमेवर लेप लावल्यानं झाड लवकर भरून येतं असं नाही. कडी शाबूत असेल तर झाड आपली जखम आपणच बंद करतं. पण कोकणासारख्या दमट हवेत आंब्याच्या मोठ्या कापांना बुरशी आणि भिरूड पटकन गाठतात, म्हणून ५ सेंटिमीटरहून मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट लावलेली बरी. डांबर आणि ऑइलपेंट टाळा, त्यांच्याखाली ओल कोंडते.

१० टक्के पेस्टला १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना आणि १ लिटर पाणी. अर्ध्या पाण्यात मोरचूद रात्रभर भिजवा, भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं घ्या. लोखंडाच्या घमेल्यात मोरचूद लोखंडच खातो. उरलेल्या पाण्यात चुना विरवा, निवला की फडक्यातून गाळा. मग दोन्ही एकत्र ओतत सतत ढवळा. घासून चकचकीत केलेली सुरी त्यात मिनिटभर धरा. सुरीवर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त झालाय, आणखी चुना घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवा, शिळी चिकटत नाही. उघड्या पडलेल्या जाड फांद्यांच्या दक्षिण-पश्चिम बाजूला नुसत्या चुन्याचा हात दिला तरी उन्हापासून बचाव होतो.

पुढची देखभाल

कापलेल्या वर्षी युरिया नको, त्यानं फुटवे आणखी उसळतात. पाच-सहा घमेली कुजलेलं शेणखत बुंध्यापासून दूर, पानांच्या छायेच्या कडेला चर काढून द्या आणि पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत दर पंधरा दिवसांनी पाणी. झाडाला कल्टार (मोहोर यावा म्हणून देतात ते वाढ रोखणारं औषध) देत असाल तर त्या वर्षी थांबवा. आता आपल्याला पालवीच हवी आहे आणि कल्टार तीच दाबतं.

फुटवे वीतभर झाले की विरळा. एका कापाजवळ तीन-चार ठेवा, बाहेरच्या दिशेनं जाणारे आणि एकमेकांपासून लांब असलेले. बाकीचे कोवळे असतानाच हातानं मोडून काढा, म्हणजे पुन्हा तिथूनच फुटत नाहीत. कोवळ्या पालवीवर तुडतुडे, मिजमाशी आणि पानं कातरणारे भुंगे हमखास येतात. कातरलेली पानं खाली पडलेली दिसली की रोज झाडून जाळा, त्यांत भुंग्याची अंडी असतात. खोडावर भुसा दिसला तर तारेच्या आकड्यानं भोक साफ करून अळी ओढा, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत घाला आणि वरून चिखल लिंपा. कापलेल्या जाड फांद्या झाडाखाली रचून ठेवू नका. भिरूड मरत्या लाकडावर टपलेला असतो.

हे माप आंब्याचं आहे, सरसकट कुठल्याही झाडाला लावू नका. फणस खोडावर धरतो, त्याचा शेंडा उतरवला तरी फळं जात नाहीत. शेवगा दरवर्षी मीटरभर उंचीवर छाटला तरी चालतो. जांभूळ आणि गुलमोहर यांचं लाकूड ठिसूळ, त्यांच्या फांदीवर पाय ठेवून काम करू नये. माडाला वाढीचा कोंब एकच असतो, शेंडा कापला की माड गेला.

चौथ्या वर्षापासून आंबे उतरवले की, पाऊस लागायच्या आत, गाभ्यातून सरळ वर निघालेली अंगठ्याएवढी काडी दिसेल तिथं सिकेटरनं काढत जा. मोठ्या करवतीला मग वाळकी फांदी सोडली तर फारसं काम उरत नाही.